यागर ३६व्या वर्षी सायबेरियात खेळायला गेला, तो वेडेपणा होता का?

टिवल्याबावल्या

आइस हॉकीतलं मला फारसं कळत नाही. हिवाळी ऑलिंपिक आलं की दोन-चार सामने बघतो आणि त्यातला निम्मा वेळ पक (ती रबरी चकती) कुठे गेला हे शोधण्यात जातो. पण परवा एका क्लिपमध्ये पिकल्या दाढीचा एक माणूस झेक लीगमध्ये विशीतल्या पोरांना पाठीवर झेलत कोपऱ्यातून पक काढताना दिसला. यारोमिर यागर, जन्म १९७२. मला वाटलं, प्रदर्शनी सामना असेल. छे, चक्क लीगचा सामना होता.

मग वाचत बसलो. एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडातली सर्वांत मोठी आइस हॉकी लीग) १७३३ सामने, ७६६ गोल, ११५५ असिस्ट (सोबत्याच्या गोलाला दिलेला पास), दोन्ही मिळून १९२१ पॉइंट. सर्वकालीन यादीत वेन ग्रेट्झ्कीच्या खालोखाल हाच. इथपर्यंत ठीक. पण हाच गडी २००८ साली न्यूयॉर्क रेंजर्स सोडून सायबेरियातल्या ओम्स्कला गेला आणि तीन हंगाम तिथे खेळला! ज्या यादीत आपलं नाव कोरलं जातंय ती सोडून असं कुणी का जाईल? त्या तीन वर्षांत तो ग्रेट्झ्कीच्या जवळ पोचला असता का? आणि मुळात इतक्या धसमुसळ्या खेळात माणूस पन्नाशीपार टिकतो कसा? बाकीचे तर पस्तिशीत गुडघे धरून बसतात.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. मी ढ आहे असं समजूनच सांगा.

पाचवा ताल

सोपं आहे हो. पैसा. ओम्स्कच्या संघामागे तेलाचा पैसा होता, रशियात आयकर सरसकट १३ टक्के, आणि केएचएल ही लीग त्याच वर्षी सुरू होत होती. त्यांना पोस्टरवर लावायला एक चेहरा हवा होता. यागरला पैशाची हाव नव्हती असं कुणी म्हणू नये. २००१मध्ये वॉशिंग्टनने त्याला सात वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख डॉलर कबूल केले होते, तेव्हाचा एनएचएलमधला सर्वांत मोठा करार. आणि खेळला काय, तर पहिल्या वर्षी ७९ पॉइंट, दुसऱ्या वर्षी ७७. आधीच्याच हंगामात १२१ होते! लोकांनी नावं ठेवली त्यात नवल नाही.

घुमटाखाली

पाचवा ताल यांचं बरोबर आहे, पण पाव भागच. पैसा होताच, तो कुणाला नको असतो. बाकीच्या पाऊण भागाबद्दल लिहितो. लांबेल, वेळ असेल तरच वाचा.

नव्वदच्या दशकात मी शिकायला पिट्सबर्गमध्ये होतो. यागरचा तेव्हाचा संघ, पिट्सबर्ग पेंग्विन्स, सिव्हिक अरेनात खेळायचा. पोलादी घुमटाचं ते स्टेडियम, सगळं गाव त्याला इग्लू म्हणायचं. आता पाडलंय. आम्ही विद्यार्थी अगदी वरच्या रांगांत. तिथून चेहरे दिसत नाहीत, पण खेळाचा नकाशा दिसतो, आणि टीव्हीवर जे कधीच नीट कळत नाही ते कळतं: पक नसताना कोण काय करतंय. मी हॉकी शिकलो ती यागरकडे बघून, त्यामुळे मी तटस्थ नाही हे गृहीत धरा.

आधी तो कसा टिकला ते सांगतो, कारण माझ्या मते तुमच्या बाकी प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

बहुतेक आघाडीचे खेळाडू वेगावर जगतात. बर्फावर एक शिफ्ट साधारण ४५ सेकंदांची असते. तेवढ्यात जीव तोडून पळायचं, बेंचवर यायचं, धाप जिरवायची, परत जायचं. पंचविशीत हे जमतं. तिशीनंतर पाय अर्ध्या पावलाने मागे पडतात, आणि या खेळात अर्धं पाऊल म्हणजे सगळंच. यागर तरुणपणी वेगवान होताच, पण त्याचा धंदा वेगावर उभा नव्हता. तो पक लपवायचा.

उंची सव्वासहा फूट, वजन शंभर किलोच्या वर, हातात लांबलचक स्टिक. पक मिळाला की हा बचावपटूकडे पाठ फिरवणार. गुडघे वाकवून, बूड मागे काढून, असा खाली बसणार की त्याला ढकलायला गेलेला माणूस स्वतःच तोल सावरत बसेल. एका हाताने स्टिक, दुसरा हात मागे, आणि पक शरीरापासून जितका लांब नेता येईल तितका लांब. बचावपटूला पकापर्यंत पोचायचं तर अख्ख्या यागरला वळसा घालून जावं लागायचं. तो वळसा घालू लागला की हा दुसरीकडे फिरायचा. कडेच्या बोर्डाशी असेल तर एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाठ. मध्ये पक तिजोरीत ठेवल्यासारखा. वैतागून कुणी स्टिक अडकवली, तर पेनल्टी. या सगळ्यात सहा-सात सेकंद जायचे आणि तेवढ्यात समोरचा दुसरा बचावपटू मदतीला धावायचा. तो धावला की त्याने सोडलेल्या जागेत यागरचा सोबती मोकळा! पास गेला, गोल झाला. वरच्या रांगेतून हे इतक्या वेळा पाहिलंय की पुढे काय होणार हे आम्हाला आधी कळायचं. समोरच्या संघालाही कळत असणार, पण करणार काय?

आता बघा, या कसबात काय काय लागतं? मांड्या, कंबर, तोल, लांब हात आणि डोकं. यातली कुठली गोष्ट पस्तिशीत संपते? मांड्या तर त्याने लहानपणापासून कमावल्या होत्या. क्लाड्नो या पोलादाच्या आणि कोळशाच्या गावाजवळ शेतावर वाढलेला मुलगा. रोज हजार उठाबशा काढायचो असं तो स्वतः सांगत आलाय. पुढे चाळिशीतसुद्धा सामने संपल्यावर, रात्री उशिरा, अंगात वजनाचं जॅकेट घालून रिकाम्या रिंकवर एकटा स्केटिंग करायचा. संघांनी त्याच्याकडे रिंकच्या चाव्या देऊन ठेवल्या होत्या असे किस्से आहेत. मला त्या किश्शांपेक्षा एक आकडा जास्त बोलका वाटतो. ऐन भरात असताना तो सामन्याला २५ मिनिटांच्या आसपास बर्फावर असायचा. फ्लोरिडाकडून खेळताना ते प्रमाण १७ मिनिटांवर आलं होतं. म्हणजे शरीराचा हिशेब त्याने आणि प्रशिक्षकांनी नीट मांडला होता. कमी शिफ्ट, पण प्रत्येक शिफ्टमध्ये पक आपल्याकडे. त्या २०१५-१६च्या हंगामात, ४४व्या वर्षी, ६६ पॉइंट करून तो फ्लोरिडात पहिला आला. डावी-उजवीकडे बार्कोव्ह आणि ह्युबर्डो, दोघंही त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान.

आता ओम्स्क.

२००८च्या उन्हाळ्यात त्याचा करार संपला. रेंजर्सशी बोलणी जुळली नाहीत. ३६ वर्षांच्या खेळाडूला लांब मुदतीचा करार द्यायला तिथे कुणी उत्सुक नव्हतं, आणि त्यामागे नियमही आहे. २००५पासून एनएचएलमध्ये पगारमर्यादा आली. ३५ ओलांडल्यावर केलेला बहुवर्षीय करार असेल, तर खेळाडू मध्येच निवृत्त झाला तरी त्याची रक्कम संघाच्या मर्यादेत मोजली जाते. मग कोणता व्यवस्थापक मान पुढे करेल? म्हणून म्हाताऱ्या खेळाडूंना एकेका वर्षाचे करार मिळतात. यागर परत आल्यावर त्याचंही तेच झालं. फिलाडेल्फिया एक वर्ष, डॅलस एक वर्ष, मग बॉस्टन, न्यू जर्सी... बॅग कायम भरलेली.

ओम्स्क त्याला परकं नव्हतं. २००४-०५मध्ये मालक आणि खेळाडूंच्या भांडणात एनएचएलचा अख्खा हंगाम रद्द झाला, तेव्हा आधी गावाकडे क्लाड्नोत आणि मग ओम्स्कमध्येच तो खेळला होता. रशियन त्याला बोलता येतं. शिवाय २००१मध्ये त्याने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथ स्वीकारला होता. तेव्हा ‘सगळं सोडून सायबेरियात’ हे आपल्याला नकाशा बघून वाटतं. त्याला तिथली माणसं माहीत होती, तिथे त्याला मुदतीची हमी होती आणि संघ त्याच्याभोवती बांधला जाणार होता. ३६व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये दर उन्हाळ्यात ‘ठेवायचा का काढायचा’ हे ऐकण्यापेक्षा मी तरी तेच केलं असतं.

आकडेमोड

ग्रेट्झ्कीच्या प्रश्नाचा हिशेब मी करून देतो. गृहीतकं उदार धरतोय.

रशियाला जाण्याआधीच्या शेवटच्या हंगामात यागरचे ७१ पॉइंट, परत आल्यावरच्या पहिल्या हंगामात ५४. सरासरी ६५ धरा, तीन हंगामांचे १९५. रद्द झालेल्या २००४-०५ साठी १०० धरू (आधीच्या वर्षी ७४ आणि नंतरच्या वर्षी १२३ होते). १९९४-९५चा हंगाम मालक-खेळाडू वादातल्या टाळेबंदीमुळे ४८ सामन्यांचाच झाला, त्यात त्याचे ७० पॉइंट. त्याच गतीने गेलेल्या ३६ सामन्यांचे ५२. २०१२-१३ही तसाच ४८ सामन्यांचा, तिथले आणखी २६. एकूण ३७३.

१९२१ अधिक ३७३ म्हणजे २२९४. ग्रेट्झ्कीचे २८५७. तरीही ५६३ कमी! आणि ग्रेट्झ्कीचे नुसते असिस्ट १९६३ आहेत. म्हणजे त्याने आयुष्यात एकही गोल केला नसता तरी तो यागरच्या पुढेच राहिला असता. तेव्हा ‘रशियाला गेला नसता तर’ ही चर्चा दुसऱ्या क्रमांकापुरतीच, आणि तो त्याला तसाही मिळाला. २२ डिसेंबर २०१६ला बॉस्टनविरुद्ध बार्कोव्हच्या गोलवर असिस्ट मिळवून त्याने मार्क मेसियरचे १८८७ मागे टाकले.

रच्याकने, गोलांच्या यादीत तो आता चौथा आहे. ओवेच्किन २०२५मध्ये ग्रेट्झ्कीच्याही पुढे निघून गेला.

टिवल्याबावल्या

वा! हिशेब बघून गार झालो. म्हणजे माझा प्रश्नच मुळात गैरलागू.

घुमटाखाली, एक विचारू का? त्याच्या पाठीवरचा ६८ हा क्रमांक १९६८साठी आहे असं वाचलं. सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये आले ते वर्ष. मग असा क्रमांक मिरवणारा माणूस रशियात जाऊन खेळतो, तिथले लोक टाळ्या वाजवतात, हे कसं काय जमतं बुवा?

घुमटाखाली

बरोबर वाचलंत. त्याच्या आजोबांना कम्युनिस्ट राजवटीने तुरुंगात टाकलं होतं, सामूहिक शेतीला नकार दिला म्हणून. ते गेले तेही १९६८ सालीच. नातू शाळेच्या वहीत रोनाल्ड रेगनचा फोटो ठेवायचा, १९८०च्या दशकातल्या चेकोस्लोव्हाकियात! त्यामुळे तो आकडा हौसेचा नाही.

पण ओम्स्कमध्येही त्याने ६८च घातला, हे लक्षात घ्या. त्याचा राग राजवटीवर होता, ओम्स्कमधल्या प्रेक्षकांवर नव्हता. हे सगळ्यांना पटेलच असं नाही, झेक लोकांनाही पटलं नसेल. मला पटतं.

त्याच्या पिढीचं नशीब मात्र विलक्षण. त्याच्या आधी एनएचएलमध्ये जायचं तर बहुतेकांना पळून जावं लागायचं. पेत्र नेद्वेद जानेवारी १९८९मध्ये कॅनडात एका युवा स्पर्धेला आला आणि परत गेलाच नाही, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रागमध्ये राजवट कोसळली, आणि जून १९९०मध्ये यागर उघडपणे ड्राफ्टला जाऊन बसला. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ड्राफ्ट म्हणजे साधारण १८ वर्षांच्या मुलांची वाटणी. आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघांना निवडीचा मान आधी. मुलाला कुठे जायचंय हे कुणी विचारत नाही.) नेद्वेद दुसरा निवडला गेला, यागर पाचवा. वरच्या संघांना त्याने ‘मी इतक्यात येणार नाही’ असं भासवलं आणि पिट्सबर्गला ‘लगेच येतो’ म्हणाला, कारण तिथे मारियो लेम्यू हा दिग्गज खेळाडू होता. हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. वय १८, आणि लीगची व्यवस्था वाकवून मोकळा!

अर्थात आल्यावर रडकुंडीला आला. इंग्रजी येत नाही, घरची आठवण येते. एका झेक कुटुंबाकडे राहायचा. शेवटी डिसेंबर १९९०मध्ये पेंग्विन्सनी कॅल्गरीकडून यिर्झी ह्रदिना हा अनुभवी झेक खेळाडू आणला. ह्रदिना उत्तम खेळाडू होताच, पण त्याला आणण्यामागे पोराला बोलायला माणूस मिळावा हा हेतू उघड होता. त्या हंगामात यागरने २७ गोल केले आणि स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. विसावं सरताना... नाही, विसाव्या वर्षीच दोन कप. त्यानंतर पुढची २५ वर्षं एनएचएलमध्ये एकही नाही. २०१३मध्ये बॉस्टनबरोबर अंतिम फेरीत पोचला आणि शिकागोकडून हरला, तेवढंच.

पाचवा ताल

तुमचं प्रेम कळतंय हो, पण वॉशिंग्टनबद्दल अजून काही बोलला नाहीत. आणि जुगार? सट्ट्यात मोठी रक्कम घालवल्याचं २००३मध्ये छापून आलं होतं आणि त्याने ते नाकारलं नव्हतं. २००१मध्ये पिट्सबर्गमधून बाहेर पडतानाही रुसून बसला होता म्हणतात. देव्हाऱ्यात बसवण्याआधी हेही मांडा.

घुमटाखाली

मांडतो की. वॉशिंग्टन फसलं. माझं मत असं की तो संघ बचाव आधी, मग बाकी सगळं, अशा घडणीचा होता. त्यात एक महागडा माणूस आणून ठेवला आणि म्हणाले, आता आम्हाला पिट्सबर्ग करून दाखव. ते एका माणसाने होत नाही. पण तोही तिथे मन लावून खेळला असं मी म्हणणार नाही, मरगळलेला दिसायचा. जानेवारी २००४मध्ये त्यांनी त्याला रेंजर्सकडे पाठवलं, तेही त्याच्या पगाराचा काही भाग स्वतः भरायचं कबूल करून. हे फार अपमानास्पद असतं. घ्या, वर पैसेही देतो.

आणि २००५मध्ये नव्या करारानुसार सगळ्याच खेळाडूंच्या चालू पगारात २४ टक्के कपात झाली, त्याच्याही. पैशासाठीच खेळणारा माणूस असता तर इथे हात झटकून मोकळा झाला असता. तो ३३ वर्षांचा. त्या हंगामात काय केलं? ५४ गोल, १२३ पॉइंट, दोन्ही रेंजर्सचे विक्रम. शेवटच्या आठवड्यात थॉर्नटन हा खेळाडू १२५ करून पुढे गेला, नाहीतर पॉइंटांचं सहावं विजेतेपद होतं. पाच आधीच झाली होती: १९९५, आणि मग १९९८ ते २००१ सलग चार.

त्या चारांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण नुसते आकडे बघून कळत नाही. तो काळ गोलांच्या दुष्काळाचा होता. स्टिक अडकवणं, धरणं, ओढणं सगळं चालायचं, पंच डोळेझाक करायचे. १९९७-९८मध्ये अख्ख्या लीगमध्ये शंभरी गाठणारा तो एकटा, १०२. पुढच्या वर्षी त्याचे १२७ आणि दुसऱ्या क्रमांकाच्या सेलॅनेचे १०७. दुष्काळात वीसचा फरक! २००५नंतर पंचांनी ओढाओढीला शिक्षा द्यायला सुरुवात केली आणि लगेच त्याचे १२३ झाले, हा योगायोग नाही. वर म्हटलं ना, पाठ फिरवून पक लपवणाऱ्याला अडवायचा सोपा उपाय म्हणजे त्याला धरणं. तोच बंद झाला.

पिट्सबर्गमधून जाण्याबद्दल: १९९८ ते २००१ तो तिथे कर्णधार होता आणि मधल्या काळात क्लबचं दिवाळं निघालं होतं. १९९९च्या प्लेऑफमध्ये न्यू जर्सीविरुद्धचा सहावा सामना, हरले की बाहेर. जांघेचा स्नायू दुखावलेला, आधीचे काही सामने बसून काढलेले. शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना बरोबरीचा गोल त्याचा, ओव्हरटाइममधला विजयी गोलही त्याचाच. पेंग्विन्स पुढच्या फेरीत गेले, घरच्या मैदानावरचे आणखी सामने मिळाले, तिकिटांचे पैसे आले, आणि त्याच वर्षी लेम्यूने क्लब विकत घेतला. गावातले जुने लोक आजही म्हणतात की त्या रात्रीमुळे संघ पिट्सबर्गमध्ये राहिला. जरा फुगवून म्हणतात, पण अगदीच खोटंही नाही. आणि दोन वर्षांनी त्याच क्लबला त्याचा पगार झेपेना. तोही जायला तयार होता. रुसला असेल, हो. २९ वर्षांचा होता.

जुगाराचं त्याने लपवलं नाही, मीही लपवत नाही. त्याने त्याचं नुकसान केलं, खेळ विकल्याचा आरोप कुणी केला नाही. एवढंच म्हणेन.

ओम्स्कचं एक मघाशी राहिलं. १३ ऑक्टोबर २००८. चेखोव्हमध्ये सामना. अलेक्सेई चेरेपानोव्ह हा १९ वर्षांचा मुलगा, रेंजर्सनीच पहिल्या फेरीत निवडलेला, यागरबरोबर एकाच फळीत खेळायचा. शिफ्ट संपवून दोघं बेंचवर आले, काहीतरी बोलले आणि मुलगा कोसळला. रुग्णवाहिका स्टेडियममधून आधीच निघून गेली होती. तो वाचला नाही. यागरला तिथे जाऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. त्यानंतर तो परत यायला मोकळा होता, कुणी बोल लावला नसता. तीन हंगाम पूर्ण करून आला. तुम्ही धाग्याच्या मथळ्यात वेडेपणा म्हणालात, म्हणून हे सांगितलं.

आकडेमोड

यातली बरीच माहिती मलाही नवीन होती.

एक पुरवणी: त्याच काळात, २०१०मध्ये, तो झेक संघाकडून विश्वविजेता झाला, कोलोनला. २००५मध्ये व्हिएन्नाला झालाच होता, तेव्हा बोट मोडलेलं असताना खेळला. १९९८चं नागानो ऑलिंपिक सुवर्ण धरलं तर स्टॅन्ली कप, ऑलिंपिक आणि विश्वविजेतेपद तिन्ही झाली. नागानोचं गंमतशीर म्हणजे उपांत्य फेरीत कॅनडाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये यागरचा फटका खांबाला लागला होता. गोल एकट्या रायखेलचा, आणि झेक गोलरक्षक हाशेकने कॅनडाचे पाचही अडवले. अंतिम सामन्यात रशियावर १-०, गोल स्वोबोदाचा.

टिवल्याबावल्या

चेरेपानोव्हबद्दल माहीत नव्हतं. मथळा बदलता आला असता तर बदलला असता, पण आता प्रतिसाद आल्यावर संपादन बंद झालंय.

शेवटचा प्रश्न. २०१८ला एनएचएल संपलं. मग क्लाड्नोत पुढे इतकी वर्षं कशासाठी? नुसता हट्ट?

घुमटाखाली

क्लाड्नोचा क्लब त्या काळात त्याच्याच मालकीचा होता. आधी वडील बघायचे, मग त्याने घेतला. एनएचएलच्या तिन्ही टाळेबंद्यांमध्ये, १९९४, २००४, २०१२, तो तिथेच जाऊन खेळला होता. २०१४मध्ये क्लब खालच्या गटात घसरला. जानेवारी २०१८मध्ये कॅल्गरीने त्याला क्लाड्नोकडेच पाठवलं, २२ सामन्यांत एक गोल झाला होता, दुखापतींनी पिच्छा सोडला नव्हता. पुढच्याच वर्षी क्लब वर चढला, २०२०मध्ये पुन्हा खाली आला, २०२१मध्ये पुन्हा वर. या सगळ्यात मालक स्वतः बर्फावर.

कारण त्याने अनेकदा उघड सांगितलंय: मी खेळलो नाही तर प्रायोजक जातील. लहान गावाच्या क्लबला तिकिटांवर तग धरता येत नाही, आणि दुसऱ्या संघांच्या मैदानावरही लोक त्यालाच बघायला यायचे. म्हणजे बघा, ज्याला एकेकाळी सात वर्षांचा विक्रमी करार मिळाला, तो उतारवयात स्वतःच्याच पोस्टरवरचा चेहरा म्हणून राबला, ओम्स्कसाठी झाला होता तसाच. फक्त इथे पगार देणाराही तोच होता. हट्ट आहेच, पण त्यात पगारपत्रकही आहे.

पाचवा ताल

हे मात्र मान्य. प्रायोजकांचं माहीत नव्हतं. तरी माझं वॉशिंग्टनबद्दलचं मत कायम आहे.

घुमटाखाली

असू दे. वॉशिंग्टनवाल्यांचंही तेच आहे.

टिवल्याबावल्या, बघायचंच असेल तर या क्रमाने बघा. आधी १९९२च्या अंतिम फेरीचा पहिला सामना, शिकागोविरुद्ध. पेंग्विन्स १-४ने मागे होते. यागर एकटा तीन-चार जणांतून वळणं घेत जातो आणि ४-४ करतो, मग १३ सेकंद उरले असताना लेम्यू जिंकून देतो. यात तरुण यागर दिसेल, लांब केसवाला. मग १९९९चा न्यू जर्सीचा सामना. आणि शेवटी फ्लोरिडाच्या २०१५-१६मधला कुठलाही, अगदी कुठलाही सामना पूर्ण बघा, नुसत्या गोलांच्या क्लिप नकोत. त्यात पकाकडे बघू नका, त्याच्या कमरेकडे बघा. त्याला आधी पाठ कुणाकडे करायची आहे ते कळलं की पक आपोआप सापडतो. तुमची निम्मा वेळ पक शोधण्याची तक्रारही मिटेल.

आकडेमोड

आणि त्याच्या बाहुल्यांचा किस्सा शोधून वाचा. फेब्रुवारी २०२४मध्ये पिट्सबर्गने ६८ क्रमांक निवृत्त केला. त्यानंतर मार्चमधल्या एका सामन्याला प्रेक्षकांना मान डोलावणाऱ्या यागरच्या बाहुल्या वाटायच्या होत्या, तर कॅलिफोर्नियात अख्खा मालच चोरीला गेला. नंतर सापडला. यागर तेव्हा ५२ वर्षांचा होता आणि क्लाड्नोकडून खेळत होता.